कोणती पाटी?

सावली गावच्या बाजारात मनकर्णाला लोक ‘कोणती’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत. ती मिरच्यांच्या ढिगाशी वाकली, की मागून कुणीतरी हळूच म्हणतं, “कोणती?” आणि दोघं-तिघं हसतात.

हे नाव तिनं स्वतःच ओढवून घेतलं. कोतवाल ढोलकं वाजवत बाजारात आला की लोक हातातलं काम थांबवतात, ऐकतात, परत कामाला लागतात. मनकर्णा तशी सोडत नाही. मागं एकदा देवी टोचायला डॉक्टर येणार म्हणून दवंडी झाली. ही गर्दीतून पुढं गेली.

“कोणती देवी?” तिनं विचारलं.

बाजार हसला. कोतवाल वैतागला. “अवो बाई, कागदात लिवलं ते मी वरडतो. कोणती-फोणती मले काय माहीत?”

“तेच म्हणून राह्यली ना मी,” मनकर्णा म्हणाली. “तुले माहीत नाई, आमाले माहीत नाई. मंग वरडून फायदा काय?”

दिवाळी झाली की ठेकेदाराचा ट्रक अजूनही वडाखाली येऊन उभा राहतो. गावातल्या बाया गाठोडी घेऊन चढतात. मनकर्णाला घेत नाहीत. बोलकी बाई कामावर नको, असं मुकादमानं सांगून ठेवलं आहे. ती दुसऱ्यांच्या बांधावर धानाच्या रोवणीला जाते, सिंधीची झाडणी बांधते, मिरच्यांची देठं खुडते. जमेल ते करते.

पूर्वी ती अशी नव्हती. दवंडी झाली की तिला ती खरीच वाटे.

लग्न होऊन आली तेव्हा ती अंगानं काडी होती. शेजारी गुणाबाईचं घर. गुणाबाईचा नवरा मेलेला, मुलगा कोळशाच्या खाणीत गेला तो तिकडचाच झाला. मनकर्णाची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून घरातल्या सगळ्या गोष्टी तिला गुणाबाईनंच शिकवल्या. ती तिला मोठीमाय म्हणू लागली. पहिल्यांदा रस्त्याच्या कामावर निघाली, तेव्हा गुणाबाईनं आपलं जुनं लुगडं फाडलं, पिळून त्याची चुंबळ केली, आणि तिच्या डोक्यावर बसवली.

“ओझं डोक्यावर नसते, पोरी. मानेवर असते. मान सरळ ठेवजो. नवऱ्यापुढं वाकव, सासूपुढं वाकव. पाटीखाली वाकवू नको.”

मनकर्णाचा नवरा सोमाजी हे ऐकून म्हणाला, “माह्यापुढं कधी वाकवली तिनं?”

“तुह्या डोक्यावर पाटी ठेवून पाह्य मंग,” गुणाबाई म्हणाली.

धान कापून, मळून झाला की सावलीच्या बाजूला हाताला काम उरत नाही. मग सरकारी रस्त्याचं काम. रस्ता अहेरीकडं जात होता. दोन्ही अंगांनी साग आणि बांबू, मधून लाल मुरमाची पट्टी. पुरुष खड्ड्यात खणायचे. बायांनी तो मुरूम पाटीत भरून घ्यायचा, डोक्यावर चढवायचा, बांधावर नेऊन ओतायचा. पाटी म्हणजे बांबूच्या कांबीची पसरट टोपली. जंगलातल्या गावचा पत्रू नावाचा माणूस कामावरच बसून ती विणून देई.

ओतण्याच्या जागी मुकादमाचा माणूस बसलेला असे. एक पाटी ओतली की तो एक चिंचोका द्यायचा. बाया तो पदराच्या गाठीत बांधत. गुणाबाईचा पदर जुना, गाठ बांधली की फाटायचा. ती चिंचोका गालात ठेवी. गाल भरला की कमरेच्या पिशवीत रिकामा करी. संध्याकाळी मुकादम नानाजीपुढं रांग लागे. चिंचोके मोजून आणे मिळत. नानाजी सावलीकडचाच, ओळखीचा. त्याची जीभ गोड होती.

“गुणाबाई, दाढ सुजली का वो?” तो विचारायचा.

“तुह्या मालकाची सुजावी,” गुणाबाई म्हणायची, आणि त्याच्या तळहातावर ओले चिंचोके थुंकायची.

सगळे हसत. नानाजीही हसे. तो हात धोतराला पुसून मोजायला लागे.

पाटी मात्र वाढत होती. दर हंगामाला पत्रूला सांगणं येई, एक फेर वाढव. कांबीचा एक फेर म्हणजे बोटभर काठ. पहिल्या दिवशी तो कुणाला कळत नसे. तिसऱ्या दिवशी मानेला कळे. चिंचोका तेवढाच राही, कारण पाटी एकच होती. असे सात-आठ हंगाम गेले. गुणाबाईला पाटी डोक्यावर चढवायला आता दोन बाया लागत. मनकर्णा तिच्यासाठी थांबायची, स्वतःची खेप चुकवून. गुणाबाई ओझ्याखाली उभी राहिली, की तिचे गुडघे थोडा वेळ हलत. मग ती चालू लागे.

“यंदा मले नेऊ नको,” एका पावसाळ्यात ती म्हणाली.

“मंग खाशील काय?”

गुणाबाई ट्रकवर चढली नाही, तर उन्हाळ्यात तिच्या घरी चूल पेटण्यासारखं काही नव्हतं. मनकर्णानं मनाशी धरलं, की काही करून ही पाटी लहान करून घ्यायची. मोठीमाय कामावर टिकली पाहिजे.

त्याच वर्षी, त्रेपन्न सालच्या दिवाळीत, ती दवंडी झाली.

नागपूरहून कागद आला होता. सरकारी कामांवरच्या मजुरांना यापुढं ठरवून दिलेल्या दरापेक्षा कमी मजुरी द्यायची नाही. ठेकेदारानं त्या दरांची पाटी कामावर, सगळ्यांना दिसेल अशी लावायची. कागदात पाटी म्हणजे अक्षरांची पाटी. लाकडाची, रंगवलेली. कागद लिहिणाऱ्याला दुसरी पाटी ठाऊक नसावी. कोतवालाला कागद कुणीतरी वाचून दाखवला. त्यानं लांबलचक मजकुरातलं जेवढं लक्षात राहिलं, तेवढं बाजारात आणलं.

“ऐका हो ऐका! सरकारी कामावर ठेकेदारानं सरकारी पाटी लावायची हो! पाटीप्रमाणं मजुरी द्यायची हो! सरकारी पाटी नसंल त्याले दंड होईल हो!”

ढोलकं पुढं गेलं. मनकर्णा जागीच उभी राहिली. तिनं गुणाबाईचा दंड धरला.

“आयकलं का, मोठीमाय? सरकारी पाटी!”

“म्हंजे काय वो?”

“म्हंजे सरकारनं पाटीचं माप बांधून देल्लं. आता नानाजी फेर नाई वाढवू शकत. वाढवला तं दंड.”

“सरकारले कसं समजलं?” गुणाबाईनं विचारलं. “सरकारनं कधी पाटी उचलली?”

“कोणीतरी सांगितलं असंल.”

“कोणीतरी बाईच असंल ते,” गुणाबाई म्हणाली.

तिथं उभ्या असलेल्या सगळ्या बायांना हेच कळलं. वेगळं कळायला कारण नव्हतं. त्यांच्या घरात अक्षर नव्हतं. पाटी मात्र रोज डोक्यावर होती.

ट्रक आला. त्यात फावडी होती, तांदळाची पोती होती, नानाजीची खाट होती आणि खाटेखाली एक लांब फळी होती. एका अंगानं निळी रंगवलेली, त्यावर पांढरी अक्षरं. मनकर्णा तिच्यावरच पाय ठेवून बसली होती. अहेरीच्या अलीकडं मुक्कामाच्या जागी ट्रक थांबला. नानाजी म्हणाला, “बाई, तेवढी फळी उतरव.” तिनं चुंबळ ठेवली, फळी डोक्यावर घेतली आणि झोपड्यांपर्यंत नेली. फळी चांगली सागाची होती, जड होती.

दुसऱ्या दिवशी पत्रूनं नव्या पाट्या आणल्या. फेर वाढलेलाच होता.

मनकर्णा खाली बसली. “आमी उचलत नाई.”

“काऊन?” नानाजीनं विचारलं.

“सरकारी पाटी कुठी हाय?”

नानाजीचा चेहरा उतरला. बायांनी तो पाहिला, आणि त्यांना जोर आला. एकेक करून सगळ्या बसल्या. गुणाबाई सर्वांत पुढं बसली, पाय पसरून.

“कोणी सांगितलं तुमाले सरकारी पाटीचं?”

“दवंडी झाली सावलीले. आमाले कान नाई काय? पाटी नसंल त्याले दंड हाय.”

“आन पाटीप्रमाणं मजुरी,” मागून कुणीतरी म्हणालं.

नानाजीनं एकदा झोपडीकडं पाहिलं. फळी तिथं भिंतीला टेकवून ठेवलेली होती, अक्षरं भिंतीकडं. मग त्यानं बायांकडं पाहिलं. जपून विचारलं, “कशी पाह्यजे तुमाले पाटी?”

मनकर्णानं हातांनी गोल करून दाखवला. “एवढी. माह्या लग्नाच्या वर्षी होती तेवढी. मोठीमायले एकटीनं उचलता आली पाह्यजे.”

नानाजीचा चेहरा हळूहळू जागेवर आला. “मालकाले विचारतो,” तो म्हणाला.

ठेकेदार गुणवंतराव त्या दिवशी कामावर आलेले होते. मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. मनकर्णाला ते लांबून दिसत होते. नानाजी वाकून काही सांगत होता. गुणवंतरावांनी पान थुंकलं. नानाजीनं हातांनी गोल करून दाखवला, मनकर्णानं दाखवला होता तसाच. गुणवंतराव हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. नानाजीही हसला.

“हासून राह्यले,” गुणाबाई म्हणाली.

“हासू दे. हारलेला माणूस हासते.”

नानाजी परत आला. “मालक भले माणूस हायत,” तो म्हणाला. “सरकारचा हुकूम मोडणार नाई म्हणते. उद्यापासून सरकारी पाटी. पण पाटी लहान झाली, तं आण्याले चिंचोके जास्त लागतीन. हे तं बरोबर हाय ना?”

बायांनी आपसांत विचार केला. अर्धी पाटी, दुप्पट चिंचोके. बरोबर होतं.

पत्रूनं दोन दिवसांत नव्या पाट्या विणल्या. नानाजीच्या सांगण्यावरून काठाला गेरूचा लाल पट्टा दिला, म्हणजे सरकारी ओळखू यावी. पहिली पाटी मनकर्णाच्या हातात देताना तो म्हणाला, “लई लहान झाली, बाई.”

“सरकारी हाय.”

“तेच म्हणतो. सरकारचं डोकं एवढंच असंल.”

त्या रात्री बायांनी गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी गुणाबाईनं पाटी भरली, कुणाला हाक न मारता दोन्ही हातांनी उचलली, आणि डोक्यावर ठेवली. गुडघे हलले नाहीत. ती बांधावर चढून गेली, मुरूम ओतला, चिंचोका घेतला, आणि तोंडात टाकण्याआधी मनकर्णाला लांबून दाखवला.

मनकर्णाच्या आयुष्यात तिच्या बोलण्यानं काही बदललं, असं तेवढंच.

फळी दोन-तीन दिवस भिंतीशी राहिली. मग खड्ड्याच्या आणि बांधाच्या मधल्या ओहोळावर नानाजीनं ती टाकली. पाणी फार नव्हतं, पण चिखल होता. पाय घसरू नये म्हणून फळी बरी. निळी बाजू खाली गेली. बाया दिवसभर तिच्यावरून जात. भरलेली पाटी घेऊन जाताना फळी लवे, रिकामी घेऊन येताना लवत नसे.

संक्रांतीनंतर एके दुपारी जीप आली. मजुरांच्या कायद्याचं बघणारा साहेब होता. तरुण, चष्मा लावलेला, अंगावर रस्त्याची लाल धूळ. माणूस वाईट नव्हता. नानाजीनं चहा पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

“पाटी कुठं आहे?” त्यानं विचारलं.

“पुढच्या मोरीपाशी लावली हाय, साहेब. दोन मैल पडते. जीप नाई जात तिकडं, मोरी उघडी हाय.”

साहेबानं घड्याळ पाहिलं. त्याला जुन्या वाटेनं दिवसाउजेडी अहेरीला पोचायचं होतं. तरी तो नानाजीच्या शब्दावर गेला नाही. “मी मजुरांना विचारतो,” म्हणाला, आणि बायांकडं निघाला. ओहोळ आला. बूट चिखलात भरू नयेत म्हणून तो फळीवरून आला.

“बायांनो, घाबरू नका. खरं ते सांगा. इथं सरकारी पाटी लावलीय का?”

“लावली, साहेब!” मनकर्णा पुढं होऊन म्हणाली. “आमी भांडून घेतली.”

“भांडून?” साहेबाला आनंद झाला. “आणि पाटीप्रमाणं मजुरी मिळते?”

“पाटीप्रमाणंच मिळते.”

“सगळ्यांना?”

“ज्याची जशी पाटी तशी. कमी नाई, जास्त नाई.”

मागं गुणाबाई होती. तिला वाटलं, साहेब एवढ्या लांबून आला आहे, तर त्यानं पाटी पाहून जावी. तिनं लाल काठाची रिकामी पाटी दोन्ही हातांनी वर उचलून दाखवली. साहेबाला वाटलं, म्हातारी रामराम करते आहे. त्यानं हात जोडले.

“शाबास, बाई,” तो मनकर्णाला म्हणाला. “सगळीकडं तुमच्यासारख्या जाग्या बाया असत्या, तर आम्हाला हिंडावं लागलं नसतं.”

तो फळीवरून परत गेला. जीप गेली. मनकर्णाचा चेहरा दिवसभर उजळलेला होता. सोमाजी खड्ड्यातून ओरडला, “आता साहेबीणच झाली तू! आमी कोठं राह्यचं?”

“खड्ड्यातच राह्य,” ती म्हणाली.

फाल्गुन लागला. ऊन वाढलं. लहान पाटीला खेपा दुप्पट पडत होत्या. पूर्वी मान दुखायची, आता पोटऱ्या दुखू लागल्या. बाया चालण्याऐवजी धावायला लागल्या, कारण धावलं तरच गाठ भरत होती. गुणाबाईला धावता येत नव्हतं. पाटी तिला उचलता येत होती, बांध चढता येत होता, पण तिच्या चालीनं. फळी अरुंद. ती फळीवर आली की मागच्या सगळ्यांना थांबावं लागे. तीन खेपांत एक खेप जाई.

आधी बाया काही बोलल्या नाहीत. मग बोलू लागल्या.

“मोठीमाय, पाय उचल ना वो.”

“उचलूनच राह्यली.”

“असा उचलला तं मोहफुलं पडतीन अन् वाळूनबी जातीन.”

संध्याकाळी गुणाबाईच्या गालाला आता फुगवटा दिसत नसे. नानाजीनं दाढेचा विनोद करणं सोडून दिलं. एके दिवशी त्यानं मनकर्णाला बाजूला बोलावलं.

“मी काई नाई म्हणत,” तो म्हणाला. “पाटी तुमची, खेपा तुमच्या. तिच्यापायी सगळ्यांचे चिंचोके कमी होऊन राह्यले. तुम्हीच ठरवा. तुले मानते सगळ्या.”

तिसऱ्या दिवशी फळीवर रांग अडली, आणि मागच्या एका बाईनं गुणाबाईला ढकललं. जोरात नव्हे. गुणाबाई ओहोळात पडली, पाटी पडली, मुरूम पाण्यात गेला. कुणी हसलं नाही. मनकर्णानं तिला उठवलं, लुगडं पिळून दिलं. आणि ते ओलं लुगडं हातात असतानाच म्हणाली, “मोठीमाय, तू घरी जाय.”

गुणाबाईनं तिच्याकडं पाहिलं.

“तूच म्हणतं का?”

“मीच म्हणून राह्यली.”

“जाते मंग,” गुणाबाई म्हणाली. “दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, तं नसती गेली.”

बांबूचा एक ट्रक सावलीच्या बाजूला निघाला होता. तिनं गाठोडं बांधलं. नानाजीपुढं जाऊन ती म्हणाली, “भाऊ, माही पाटी नेऊ का?”

“ने ना, बाई. सरकारी पाटी, तुहीच हाय ती.”

ती पाटी मांडीवर घेऊन बांबूंवर बसली. ट्रक वळेपर्यंत मनकर्णा बघत होती. मग मागून कुणीतरी म्हणालं, “चाल ना वो, खेप चुकली,” आणि ती फळीवरून धावली.

वैशाखात काम संपलं. झोपड्या मोडल्या. सामान ट्रकमध्ये चढू लागलं. मोरी बांधायला आलेला लटारू मिस्त्री ओहोळापाशी गेला आणि त्यानं फळी उचकटली. फळी उपयोगाची होती. त्यानं ती पाण्यात धुतली. चिखल निघाला, निळा रंग वर आला, अक्षरं वर आली. काही पुसट झाली होती, पण होती. लटारू चौथीपर्यंत शिकलेला. त्याला वाचायची सवय होती, दिसेल ते वाचायचा. तो मोठ्यानं वाचू लागला.

मनकर्णा भांडी घासत होती. “काय हाय ते, मिस्त्रीभाऊ?”

“पाटी हाय.”

“फळी ना?”

“फळीच, पण पाटी हाय. सरकारी. मजुरीचा भाव लिवला हाय. पुरुष मजूर, दर दिवसास इतके. स्त्री मजूर, दर दिवसास इतके. याहून कमी देणे गुन्हा आहे.”

मनकर्णाच्या हातातलं भांडं अर्धं घासलेलं राहिलं. “काय म्हणतात म्हटलं याले?”

“पाटी वो. सरकारी पाटी. ठेकेदारानं लावायची असते. दवंडी नाई झाली तुमच्याकडं?”

ती उठली. हात राखेनं काळे होते. ती जवळ आली आणि बायांच्या दराचा आकडा कुठला, ते तिनं विचारलं. लटारूनं बोट ठेवून दाखवलं. तो पुरुषांच्या आकड्यापेक्षा लहान होता. तरी तिनं धावून धावून मिळवलेल्या चिंचोक्यांच्या दीडपट होता.

“आन पाट्या किती टाकायच्या?”

“पाट्यांचं काई लिवलं नाई. दिवसाचं लिवलं हाय. दिवसभर काम केलं, की एवढे.”

“चालत केलं तरी?”

“चालत कर नाई तं धावत कर.”

“म्हातारीलेबी?”

लटारूनं पुन्हा वाचून पाहिलं. “स्त्री मजूर. म्हातारी-तरणी असं काई नाई लिवलं.”

मनकर्णा फळीजवळ बसून राहिली. लटारूला कळेना, या बाईला काय झालं.

नानाजी आला. त्यानं फळी पाहिली, मनकर्णाला पाहिलं. त्याला लाज वाटली असं म्हणता येणार नाही. तो म्हणाला, “तुम्हीच तं म्हणाल्या ना, एवढी पाह्यजे म्हणून. मी कधी नाई म्हटलं?” मग पुढं म्हणाला, “फळी पाह्यजे तं ने. चूल पेटंल चार दिस.”

तिनं चुंबळ केली. फळी डोक्यावर घेतली. ट्रकमध्ये सगळा वेळ ती मांडीवर धरून बसली.

गोंडपिपरीला ट्रक डिझेलसाठी थांबला. तिथं रस्त्याच्या कामांची सरकारी कचेरी होती. सोमाजी नको नको म्हणत असताना ती उतरली, फळी डोक्यावर घेऊन कचेरीत गेली, आणि टेबलावरच्या कारकुनापुढं ठेवली. दौत थोडक्यात वाचली.

“हे काय?”

“पाटी. आमाले लावली नाई. पाण्यात टाकली होती.”

कारकून शहाणा होता. त्यानं तिला कामाचं ठिकाण विचारलं, कपाटातून कागद काढले, आणि वाचले. मग तो सावकाश बोलला, लहान मुलाशी बोलतात तसं. “बाई, त्या कामाची तपासणी झालीय. पाटी आहे, पाटीप्रमाणं मजुरी मिळते, असं मजूर बायांनी स्वतः सांगितलंय. साहेबांनी शेरा मारलाय, मजूर जागे आहेत म्हणून.”

“मीच सांगितलं ते.”

“मग?”

तिला सांगायचं होतं. एक पाटी असते आणि एक पाटी असते. तिनं हातांनी गोल करून दाखवला. मग फळीवर हात ठेवला. मग परत गोल केला. कारकुनानं शेजारच्या माणसाकडं पाहिलं. तो हसू दाबत होता.

“आणि ही पाटी कामावरची ना?” कारकून म्हणाला. “सरकारी कामावरची वस्तू उचलून आणलीस, याला काय म्हणतात माहीत आहे? ने परत. दिसली नाही मला.”

बाहेर ट्रकचा भोंगा वाजत होता.

सावलीला उतरल्यावर ती घरी गेली नाही, सरळ गुणाबाईकडं गेली. गुणाबाईच्या घराला दाराच्या जागी नुसतं भोक होतं. कुत्री आत येत. गुणाबाई भिंतीला टेकून बसली होती, बांबूवर कापड टाकावं तसं लुगडं अंगावर. पुढं लाल काठाची पाटी होती. त्यात मूठभर वाळकी मोहफुलं होती. तीच उकडून खात होती, असं शेजारणीनं मागून सांगितलं. पाटीचा गेरू मात्र ताजा होता. गुणाबाईनं पुन्हा लावला असावा.

“आली का, पोरी? किती दिवस वाट पाह्यली तुही.” गुणाबाईनं पाटी पुढं सारली. “खाय. गोड हायत. सगळ्या बाया पाहून गेल्या ही पाटी. मी सांगते त्याहिले, आमच्या मनकर्णानं सरकारपासून आणली म्हणून.”

मनकर्णानं एक मोहफूल तोंडात टाकलं. ते तिनं तसंच गालात ठेवलं.

“डोक्यावर काय आणलं वो?”

“फळी.”

“बरं झालं. दाराले लाव. कुत्रे लई तरास देऊन राह्यले.”

सोमाजीनं सुंभ आणला. दोघांनी फळी आडवी धरून भोकाला बांधली. निळी बाजू आत घ्यायची की बाहेर, म्हणून सोमाजी थांबला.

“आत घे,” गुणाबाई म्हणाली. “बाहीर पावसानं जाईल ना अक्षर.”

अक्षरं आतल्या बाजूला आली. झोपडीत थोडा उजेड होता, तो त्यांच्यावर पडला. गुणाबाई बराच वेळ बघत होती.

“काई तरी चांगलं लिवलं हाय,” ती म्हणाली. “कोणाचं नाव हाय वो ते?”

मनकर्णा सुंभाची गाठ आवळत होती. लटारूनं बायांच्या दरावर बोट ठेवलं होतं ती जागा तिला ओळखू येत होती.

“तुहं,” ती म्हणाली.

“माहं?” गुणाबाई हसली. हसता हसता तिला खोकला लागला. “खोटी! सरकारले माहं नाव कसं समजलं?”